वस्तादांच्या पोटावरचं केळं

माझ्याजवळ एक मोठा मान आहे आणि तो मी कोणाला दाखवू शकत नाही. तो काळ्या रंगाचा आहे, जाड मांजरपाटाचा आहे आणि आत नेसायचा आहे. यंदा शाळेवर स्वराज्याचा नवा झेंडा चढला तेव्हा गावातली मोठी माणसं बिल्ले आणि पदकं लावून व्यासपीठावर बसली होती. मी गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात मुलांची कवायत घेत होतो. माझ्या छातीवर काहीच नव्हतं. जे होतं ते खाकी चड्डीच्या आत होतं.

हा काळा लंगोट मला जळगावच्या एका वस्तादांनी दिला. दिला म्हणजे, देण्याची वेळ त्यांच्यावर आणली गेली. या माणसाविषयी एकदा लिहून ठेवायचं हे काम बरेच दिवस माझ्या यादीत खाली खाली सरकत होतं. आज ते हातावेगळं करतो.

आमची तालीम गावाच्या कडेला कापसाच्या एका जिनिंगच्या मागे होती. हंगामात तिकडून रुई उडून यायची आणि हौद्यातली तांबडी माती सकाळी पांढुरकी दिसायची. कुस्ती काय, गावातल्या सगळ्याच तालमींत होती. आमच्याकडे लाठी, बोथाटी आणि मुख्य म्हणजे दांडपट्टा शिकवत. पट्टा म्हणजे लांब, लवचिक पातं आणि मुठीच्या जागी कोपरापर्यंत येणारं लोखंडी आवरण. त्यात हात घातला की मनगट वळत नाही. सगळं काम खांद्याने आणि कमरेने करावं लागतं. शिकायचे पट्टे बोथट. धारेचा एकच होता, दसऱ्याच्या मिरवणुकीत मिरवायचा म्हणून सरकारी परवानगी काढलेला. तो वस्तादांच्या घरात, देवाच्या फळीखाली असायचा. घर तालमीला लागूनच होतं. स्वयंपाकघराचं दार थेट हौद्यावर उघडायचं, त्यामुळे आमचं शिक्षण नेहमी फोडणीच्या वासात व्हायचं.

वस्ताद मूळचे धुळ्याकडचे, बोलणं सगळं अहिराणी. अंगाने बुटके आणि रुंद. मांड्या अशा की माणूस जमिनीत रोवलाय असं वाटावं. आणि पोट. पोटाचा विषय पुढे येणारच आहे.

पावसाळ्यात ते छत्री घेऊन बाहेर पडत आणि ती कधीच उघडत नसत. एकदा स्टेशनरस्त्यावर भर पावसात दिसले. स्वतः चिंब, छत्री मात्र कोटाच्या आत छातीशी धरलेली.

मी म्हटलं, "वस्ताद, छत्री उघडा की."

"उघडी छत्री हातमा धरीसन माणूस कोनले मारी?" ते म्हणाले. "आनि हत्यार वल्लं करू नये."

कोणी भेटलं की नमस्काराच्या आधी ते त्याच्या खांद्याला एक धक्का देत. हलला तो कच्चा, नाही हलला तो पक्का. माणसांचे दुसरे प्रकार त्यांना माहीत नव्हते. टपालवाला त्यांच्या दाराशी आला की आधी पाय रोवायचा आणि मग पत्र पुढे करायचा. एका लग्नात त्यांनी नवरदेवाला असाच धक्का दिला. तो मुंडावळ्यांसकट मागच्या भटजींच्या मांडीवर जाऊन बसला. वस्ताद वधूच्या बापाला म्हणाले, "कच्चा शे. पन सुधरी जाई."

शिट्टीचा त्यांना मनापासून राग होता. शाळांतून तेव्हा कवायत सुरू झाली होती. रस्त्याने जाताना शिट्टीवर वळणारी मुलं दिसली की ते थांबून बघत आणि थुंकत. "शिट्टीवर गाडी हालस," ते म्हणायचे. "माणूस काय गाडी शे?" मी पुढे आयुष्यभर ज्या शिट्टीवर पोट भरलं तिच्याविषयी हे त्यांचं मत.

मला ते 'कारकून' म्हणत. कारण असं की तालमीत आलो त्याच आठवड्यात मी लाठ्या उंचीप्रमाणे लावल्या, तेलाच्या बुधल्यांना दोऱ्या बांधल्या आणि हौद्याला पाणी कोणी कधी घालायचं ते भिंतीवर कोळशाने लिहून काढलं. वस्तादांनी ते वाचलं नाही, त्यांना वाचता येत नव्हतं. पण भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले. "हाई काय शे?" मी सांगितलं. "म्हनजे माले इचारानी गरज नही?" मी म्हटलं, नाही. तेव्हापासून ते रोज सकाळी भिंतीवर कोणाचं नाव आहे ते मला विचारत आणि त्याला सोडून भलत्यालाच पाणी घालायला सांगत.

त्यांच्या पोटावर, बेंबीच्या जरा वर, एक आडवा व्रण होता. मातीत उतरले की सगळ्यांना दिसायचा. नव्या पोरांना ते सांगत की सातपुड्यात बिबट्याने पंजा मारला. यावलच्या बाजाराला जाणाऱ्या माणसांना सांगत की दरोडेखोराच्या सुऱ्याची खूण आहे. घरी आलेल्या बायकांना, त्यांनी विचारलेलं नसतानाही, सांगत की एका गोऱ्या डॉक्टरने शस्त्रक्रिया केली आणि आतलं बघून तो चकित झाला. मला हिशेब जुळवण्याची सवय. एकाच माणसाला एकाच जागी बिबट्या, दरोडेखोर आणि गोरा डॉक्टर असे तिघेही लागले, हे मला पटत नसे. पण वस्तादांना दुसऱ्यांदा प्रश्न विचारायची आमच्यात रीत नव्हती.

आता परीक्षा.

आमच्या तालमीत सगळ्यांना लाल लंगोट. जो शेवटची परीक्षा पास झाला त्याला काळा. तो वस्तादांच्या बायकोने, म्हणजे आमच्या अक्कांनी, हाताने शिवलेला असायचा, आणि हिरड्याच्या पाण्यात लोखंडी खिळे टाकून रंगवलेला. काळा लंगोटवाला म्हणजे स्वतः वस्ताद व्हायला, दुसऱ्याला शिकवायला मोकळा. मान एवढा मोठा आणि ठेवलेला अशा जागी की घामाने रंग उतरून धोतराला डाग पडला तरच तो चारचौघांना कळावा.

परीक्षा अशी. एक केळं घ्यायचं, सालीसकट. ते पोटावर आडवं ठेवायचं आणि धारेच्या पट्ट्याने एका फटक्यात कापायचं. वरचं साल आणि गर कापला गेला पाहिजे, खालचं साल जोडलेलं राहिलं पाहिजे. दुसऱ्या तालमींत लिंबू किंवा सुपारी कापत, आणि त्यासाठी एखाद्या गरीब पोराला आडवं पाडत. वस्तादांना हे मंजूर नव्हतं. त्यांच्या तालमीत आडवं व्हायचं ते वस्तादांनीच. "शिकाडनारा मी," ते म्हणत. "मंग पोट बी मनंच." परीक्षा झाली की त्या केळ्याचे दोन भाग करून अर्धं वस्तादांनी आणि अर्धं शिष्याने तिथेच खायचं. नापास झाला तर केळं शेळीला.

नियम उत्तम होता. फक्त परीक्षा होत नसे. मी तालमीत येण्यापूर्वी केव्हातरी एक झाली होती असं जुनी माणसं म्हणत आणि लगेच दुसरा विषय काढत. त्यानंतर कितीतरी चांगले हात तयार झाले, लाल लंगोटातच संसाराला लागले आणि पोटं सुटून गेली.

मीही तसाच गेलो असतो. पण मी शेजारच्या त्याच जिनमध्ये हंगामात कापसाच्या गासड्यांची नोंद ठेवायचं काम करत होतो, आणि रुईची धूळ माझ्या छातीत बसत चालली होती. जिना चढताना धाप लागायची. डॉक्टरांनी कान लावून ऐकलं आणि सांगितलं, "जिन सोडा. नाहीतर काही वर्षांनी पट्टा सोडाच, पाण्याची बादलीसुद्धा उचलवणार नाही." जिन सोडून खायचं काय? तेवढ्यात कळलं की धुळ्याच्या एका शाळेला व्यायामशिक्षक हवा आहे. कायम नोकरी, मोकळं मैदान, स्वच्छ हवा. मी अर्ज केला आणि बोलावणं आलं.

समोर चार-पाच गृहस्थ बसले होते. लेझीम येते का, लाठी येते का, मुलांना मारता का, असं सगळं विचारून झालं. टोकाला शाळेचे चिटणीस बसले होते, स्थूल देहाचे एक वकील. ते इतका वेळ कागदांत मान घालून होते. जळगावच्या तालमीचं नाव ऐकल्यावर त्यांनी मान वर केली.

"वस्तादांनी तुम्हाला काळा लंगोट दिलाय?"

"नाही."

"घेऊन या. शाळा उघडायच्या आत. मग नेमणूक."

बाकीचे हसायला लागले. एकाने विचारलं, "आणि तो तपासणार कोण, चिटणीस?"

"मी," ते न हसता म्हणाले आणि माझ्या अर्जावर डाव्या हाताने काहीतरी खूण केली.

जळगावला परतल्यावर मी वस्तादांना सरळ सांगितलं, छातीचं आणि नोकरीचं, दोन्ही. परीक्षा घ्या म्हटलं. ते लगेच म्हणाले, "लेसूत ना. केळं आन."

अक्का जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांच्या भावाची तिथे केळीची बाग होती. मी सकाळीच जाऊन त्यातल्या त्यात सरळ केळी निवडून आणली. वस्तादांनी एकेक हातात घेऊन न्याहाळलं.

"वाकडं शे."

"वस्ताद, केळं वाकडंच असतं."

"मंग परीक्षा कशी व्हई?"

दुसऱ्या खेपेला केळं पसंत पडलं, पण ते जेवून बसले होते. भरल्या पोटी परीक्षा होत नाही. म्हणून पुढच्या खेपेला मी पहाटेच गेलो. तर उपाशी पोट आत जातं आणि केळ्याला बैठक मिळत नाही. त्यानंतर वारा होता.

"पट्ट्याला वाऱ्याचं काय, वस्ताद?"

"पट्टाले नही. उघडं झोपीसन माले सर्दी व्हई."

मधल्या काळात शिकवण्यात मात्र त्यांनी कसर ठेवली नाही. सरकीचं पोतं आडवं टाकून त्यावर केळं ठेवायचे आणि मला कापायला लावायचे. खांदा जरा चुकला तरी ओरडायचे. पोत्यावर मी एकही केळं बिघडवत नव्हतो. दोन फोडी वर आणि खालचं साल अखंड, उघडलेल्या शिंपल्यासारखं. पोत्याची एक गोष्ट चांगली होती. त्याला ना भूक होती, ना सर्दी.

शाळा उघडायचे दिवस जवळ येत होते. एक दिवस उरलेली केळी परत द्यायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. अक्का तूरडाळ निवडत होत्या. अक्कांची बोली असोद्याकडची, आणि वस्तादांच्या बोलीपेक्षा जास्त धारदार.

"काबरं रे कारकून, अजून किती केळी आणशीन? माझ्या भावाची बाग उजाड करशीन तू."

"काय करू अक्का? वस्तादांना एकही केळं पसंत पडत नाही."

"केळ्याचं काय घेऊन बसला? भ्याव वाटते त्यायले." त्यांनी सुपाला एक झटका दिला. "पोटावरची ती खूण पाह्यली ना? बिबट्याची?"

"बिबट्या नव्हता?"

"कशाचा बिबट्या! धुळ्याचा एक पोऱ्या होता, डावखुरा. हात मोठा चांगला होता त्याचा. त्याची परीक्षा घेतली. मी घरी येऊन पाह्यते तं हे खाटेवर आडवे, पोटाले फडकं बांधलेलं, अन् तो पोऱ्या कोपऱ्यात बसून रडून राह्यला. अन् ऐक, यायनं त्याले पास केलं! म्हणे, केळं कापलं गेलं, खालचं साल शाबूत आहे. पोटाचं साल गेलं त्याचं काहीच नाही!"

"मग तो?"

"लंगोट घेऊन गेला तो गेला. पुन्हा उंबरा चढला नाही. आता तिकडे मोठा वकील झाला म्हणतात."

मी केळी तिथेच ठेवली आणि हौद्याकडे गेलो. वस्ताद एकटेच माती चाळत होते.

"वस्ताद, एक सांगायचं राहिलं. धुळ्याचे जे चिटणीस काळा लंगोट मागतात ना, ते डाव्या हाताने लिहितात. वकील आहेत."

चाळणी थांबली. मग त्यांनी विचारलं, "जाडा झाया का रे?"

"हो. बराच."

"वकील शे. व्हईच." पुन्हा चाळणी हलायला लागली. थोड्या वेळाने मातीकडे बघतच ते म्हणाले, "सक्काय ये. केळं कोनतं बी चाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी तालीम जमली. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं, पण जिनमधले दोन हमालसुद्धा भिंतीवर चढून बसले होते. वस्ताद अर्धी भाकरी खाऊन आले होते. पोट भरलेलंही नको आणि रिकामंही नको, हा प्रश्न त्यांनी असा सोडवला होता. देवाच्या फळीखालचा पट्टा त्यांनी स्वतः आणून दिला, माझ्या खांद्याला धक्का दिला, मी हललो नाही, आणि ते मातीत उताणे झाले. व्रणाच्या थोडं खाली केळं ठेवलं. डोळे आभाळाकडे.

मी पाय रोवले आणि पट्टा उचलला. केळं घरंगळून मातीत पडलं.

"वारा शे," वस्ताद आभाळाला म्हणाले.

पानही हलत नव्हतं. केळं पुसून पुन्हा ठेवलं. पुन्हा पडलं. तेव्हा मला नीट दिसलं. वस्तादांचं पोट थरथरत होतं. बाकी अंग दगडासारखं होतं, तोंड शांत, मुठी ढिल्या. फक्त पोट तेवढं, चुलीवर उकळी यायच्या बेतात असलेल्या दुधासारखं, आतून हलत होतं. ते त्यांच्या हुकमात नव्हतं. सगळ्या तालमीला ते दिसत होतं आणि सगळी तालीम दुसरीकडे बघत होती. कापलं तर बिबट्याशेजारी दुसरा बिबट्या होणार. नाही कापलं तर मी परत जिनमध्ये, गासड्यांच्या धुळीत.

"मार!" वस्ताद ओरडले. ओरडण्याने केळं तिसऱ्यांदा पडलं.

स्वयंपाकघराचं दार वाजलं. अक्का पीठ माखलेल्या हातांनीच बाहेर आल्या, पदर खोचला आणि थेट हौद्यात उतरल्या. आमच्या तालमीच्या मातीत बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही असा नियम होता. तो कोणी बोलून दाखवला नाही. वस्तादांच्या कुशीशी त्या बसल्या, डावा तळहात उताणा करून त्यांच्या पोटावर दाबून ठेवला आणि उजव्या हाताने केळं उचलून त्या तळहातावर ठेवलं.

पोट थांबलं.

"ए आसोदावाली, हाई काय करी ऱ्हायनी?" वस्ताद तोंड न हलवता म्हणाले.

"तुम्ही आभाळ पाहा." मग माझ्याकडे बघून, "काप रे कारकून. मले भाकरी टाकाच्या हायेत. चुकला तं आधी माझा हात जाईन, मग यायचं पोट. अन् मग संध्याकाळच्या भाकरी तूच थाप."

मला भाकरी थापता येत नव्हत्या. मी पट्टा उचलला, खांदा सोडला आणि मारला.

आवाज फारसा झाला नाही. अक्कांनी तळहात वर करून सगळ्यांना दाखवला. केळं वरून दुभंगलं होतं, खालचं साल अखंड होतं, आणि हातावर पिठाशिवाय काही नव्हतं. भिंतीवरचे हमाल ओरडले, तालमीतली पोरं ओरडली.

वस्ताद मात्र पडल्या पडल्या म्हणाले, "नियममा बसत नही."

ओरडणारी पोरं त्यांच्याकडे वळली.

"पोटवर ठेवानं अशी रीत शे. हाई तर हातवर ठेवेल व्हतं. परीक्षा झायी नही."

अक्का मात्र उठल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "बरं. मग उठू नका. कारकून, दुसरं केळं दे. या टायमाले मी हात काढते."

वस्तादांनी आभाळाकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं.

"पास," ते म्हणाले.

मग रीतीप्रमाणे केळं. अर्धं मला दिलं. उरलेलं अर्धं हातात घेऊन वस्तादांनी त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा अक्कांपुढे धरला. "घे. तू बी व्हतीस." अक्का म्हणाल्या, "हात भरलेत," आणि तोंड पुढे केलं. सगळ्या तालमीसमोर बायकोला घास भरवताना त्यांचे कान लाल झाले. लंगोट अक्कांनी कधीच शिवून ठेवला होता. माझं माप त्यांना कसं कळलं हे मी विचारलं नाही.

त्याच दुपारी मी धुळ्याला निघालो. चाळीसगावला गाडी बदलावी लागते म्हणून लवकर निघालो. वस्ताद स्टेशनवर सोडायला आले, कडक उन्हात, मिटलेली छत्री काखेत. गाडी लागली, मी चढलो, तेव्हा खिडकीशी आले.

"त्याले सांग," ते म्हणाले, "त्याना हात चुकना नव्हता. मनं पोट हालनं. त्या दिनले बी असंच."

मी म्हटलं, "त्याच वेळी का नाही सांगितलं, वस्ताद?"

"वस्तादनं पोट हालस, हाई कोनले सांगू?" त्यांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "आनि नही सांगं तर लोके म्हनतीन त्याना हात कच्चा शे. म्हनीसन बिबट्या सांगा. बिबट्याले काय, कोनी बी नावं ठेवा."

इतकी वर्षं बिबट्याने दोघांनाही सांभाळलं होतं. फक्त ज्याला सांभाळायचं त्याच्यापर्यंत तो बिबट्या कधी पोचलाच नव्हता.

"तुम्हीच चला ना धुळ्याला. समोरासमोर सांगा."

"माले काम शे."

"कसलं काम?"

"छत्री वाळाडनी शे," ते म्हणाले. उन्हाळा होता, आणि ती छत्री जन्मात कधी भिजली नव्हती.

गाडीने शिट्टी दिली. वस्तादांनी त्या आवाजाकडे तिरस्काराने पाहिलं, खिडकीतून हात घालून माझ्या खांद्याला धक्का दिला आणि मी हललो की नाही हे न बघताच निघून गेले.

चिटणीस घरीच भेटले, बंडी आणि धोतरावर, समोर दाव्याचे कागद. मी लंगोटाची घडी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली होती. ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी हात लावला नाही.

"वस्ताद मातीत झोपले?" त्यांनी विचारलं.

"झोपले."

"स्वतः?"

"स्वतःच. पण केळं टिकेना. पोट थरथरत होतं. मग अक्कांनी पोटावर हात ठेवला आणि केळं हातावर घेतलं. मग कापलं."

मी निरोप सांगितला, जसाच्या तसा, अहिराणीतच, कारण मराठीत सांगितला असता तर तो वस्तादांचा राहिला नसता. त्याना हात चुकना नव्हता. मनं पोट हालनं.

वकिलांनी डावा हात टेबलावर पालथा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"मी त्यानंतर पट्टा धरला नाही," ते म्हणाले. "पट्टा काय, भाजी चिरायची विळीसुद्धा नाही. मंडळी हसतात." मग म्हणाले, "माझ्या वेळी अक्का असोद्याला गेल्या होत्या."

एवढं बोलून त्यांनी माझा अर्ज काढला, डाव्या हाताने सही केली आणि लंगोटाची घडी न उलगडता माझ्याकडे सरकवली.

"तपासायचा होता ना?" मी म्हटलं.

"गरज नाही." शाळेचा शिक्का वरच्या फळीवर होता. तो काढायला ते उठले आणि टाचा उचलून त्यांनी हात वर केला. बंडी वर सरकली. धोतराच्या काठावर, त्या सुटलेल्या पोटाखाली, काळ्या कापडाची बोटभर कडा दिसली. हिरड्याचा रंग विटून पार करडा झाला होता, पण शिवण अक्कांची होती.